हयातीचा दाखला

अब्बांना जाऊन सव्वा महिना झाला. शाबानच्या चौथ्या तारखेला, फजरची नमाज झाल्यावर आणि चहा येण्याआधी ते गेले. वय ब्याऐंशी. आज दहावा रोजा. पहाटे तीनला स्वयंपाकघरातला दिवा लावणारं माणूस घरात नाही, त्यामुळे पहिल्या दोन सहेऱ्या आम्ही झोपेतच चुकवल्या. मोबाइलमध्ये गजर लावलेला होता. पण आमच्या घराला गजराने उठायची सवयच नाही.

या पानासाठी मी दरवर्षी काहीतरी लिहिते. कधी जकातीविषयी, कधी तरावीहविषयी, एका वर्षी नुसत्या शिरखुर्म्याविषयी. यंदा अब्बांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं आणि त्यांच्यावर लिहायला हात धजत नव्हता. हात का धजत नव्हता, ते पुढे येईल.

अब्बा फौजी होते. सातारा जिल्ह्यात हे काही नवलाईचं नाही. इथल्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. आमचे दादा, म्हणजे आजोबा, सदर बझारातून टांगा चालवायचे. १९६२च्या चीन युद्धानंतर फौजेत मोठी भरती निघाली, तेव्हा १९६३ साली विसाव्या वर्षी अब्बा रांगेत उभे राहिले आणि ड्रायव्हर म्हणून घेतले गेले. आर्मी सर्व्हिस कोअर. बंदूक चालवणाऱ्यांना दारूगोळा, आटा, डाळ, पेट्रोल पोहोचवणारं खातं. घोडा हाकणाऱ्याचा मुलगा जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक हाकायला लागला, असं दादी सगळ्यांना सांगत असे. सतरा वर्षं नोकरी करून १९८० साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले.

लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हाला जवळजवळ सांगितल्याच नाहीत. आम्ही चारही भावंडं त्यासाठी त्यांच्या मागे लागायचो. सप्टेंबर १९६५मध्ये ते पंजाबात, खेमकरणच्या बाजूला होते. तिथे असल उत्तर गावाजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले गेले. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं आणि ते अजस्र रणगाडे उसाच्या चिखलात रुतले, हे मी पुस्तकात वाचून त्यांना विचारलं, तर म्हणाले, “हो. ऊस आपल्याकडच्यापेक्षा बारीक होता.” संपली गोष्ट. पुष्कळ खोदून विचारलं तेव्हा एक गोष्ट मात्र त्यांनी नीट समजावून सांगितली. रात्री दिवे न लावता ट्रकची रांग कशी जाते ती. पुढच्या ट्रकच्या मागच्या आसावर पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर गाडीच्या पोटातून एक बारीक दिवा पडतो. वरून विमानाला तो दिसत नाही, मागच्या ड्रायव्हरला तेवढाच दिसतो. रात्रभर त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत जायचं. जवळ गेलात तर धडक, लांब राहिलात तर अंधार. आणि तुमच्या पाठीशी तोफेचे गोळे भरलेले. “डोळा लागला तर?” मी विचारलं होतं. “लागला नाही,” ते म्हणाले.

१९७१ साली ते त्रिपुरात होते. त्या वर्षी रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला होता. पलीकडच्या पूर्व पाकिस्तानातून इतके निर्वासित आले होते की त्रिपुराची मूळची लोकसंख्या जेवढी, जवळजवळ तेवढेच ते झाले. रेल्वे धर्मनगरला संपायची. तिथून पुढे तेलियामुरा आणि आगरताळ्याकडे युद्धाची सगळी सामग्री डोंगरातल्या एका रस्त्याने, ट्रकमधून न्यायची होती. पावसाने रस्त्याचा चिखल झालेला. रोजा ठेवून अशा रस्त्यावर दिवसदिवस गाडी चालवायची का, हा अब्बांपुढचा प्रश्न होता. कुराणात प्रवाशाला आणि आजाऱ्याला सूट आहे. राहिलेले रोजे नंतर पुरे करायचे, त्याला कजा म्हणतात. अब्बांनी सरळ हिशेब केला. ज्या दिवशी गाडी चालवायची त्या दिवशी रोजा नाही. गाडी दुरुस्तीला उभी असेल त्या दिवशी रोजा. लंगरमधला जावळीकडचा एक आचारी त्यांना अशा दिवशी पहाटे उठवून रोटी आणि गूळ द्यायचा. त्या महिन्यातले अठरा रोजे राहिले. ते त्यांनी एका वहीत मांडून ठेवले.

त्या वर्षीची ईद नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. त्याबद्दल मात्र ते आपणहून बोलत. रस्त्याकडेच्या एका माळावर निर्वासितांची ईदची नमाज होती. युनिटमधले हे चार-पाच जण परवानगी घेऊन गेले आणि मागच्या सफेत उभे राहिले. नमाज अरबीत असते, ती सगळीकडे सारखीच. पण नंतरची दुआ इमामाने बंगालीत केली आणि सगळा माळ रडायला लागला. “मला एक शब्द कळला नाही. फक्त ‘आमीन’ कळत होतं. तेवढं म्हणत राहिलो.” दोन आठवड्यांनी, ३ डिसेंबरला युद्ध जाहीरपणे सुरू झालं आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्या तेरा दिवसांबद्दल अब्बा काही बोलत नसत. माळावरच्या त्या नमाजेची गोष्ट मी पन्नास वेळा तरी ऐकली असेल.

निवृत्तीनंतर ते एस.टी.त लागले. फौजेतून आलेल्या पुष्कळ ड्रायव्हरांचा तोच रस्ता होता. वीस वर्षं चालवली. त्यातली बरीच वर्षं सातारा-मेढा-महाबळेश्वर. केळघरचा घाट त्यांना तोंडपाठ होता. डिसेंबर-जानेवारीतल्या रमजानात गाडी घाटात असतानाच सूर्य मावळायचा. रोजा सोडायची वेळ झाली की कंडक्टर पुढे येऊन “हवालदार, झालं टायमिंग” म्हणत हातावर खजूर ठेवायचे. एकदा कुण्या प्रवाशाने तक्रार केली की घाटात चालक खाताना दिसला. घरी आम्हाला राग आला. अम्मी तर दोन दिवस त्या न पाहिलेल्या माणसाला बोल लावत होती. अब्बा म्हणाले, तक्रार बरोबर आहे. स्टिअरिंगवरचा एक हात सुटतो म्हणजे सुटतोच. तेव्हापासून खजूर खिशात ठेवून ते पुढच्या स्टँडपर्यंत थांबायचे. पंधरा-वीस मिनिटं उशिराने रोजा सोडला तर बिघडत नाही, प्रवासी दरीत गेले तर बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना ते पटलं नाही. रोजा सोडायला उशीर करू नये, असं ते सांगत राहिले. दोघांनी वाद घातला नाही. दोघे जुम्म्याला शेजारी बसत राहिले.

बाप म्हणून ते कडक नव्हते, पण घरात शिस्त होती आणि ती बहुतेक त्यांच्या स्वतःपुरती होती. रविवारी सकाळी आमच्या चौघांचे बूट ओळीने मांडून स्वतः पॉलिश करायचे. मुलींनी किती शिकायचं यावर आमच्या नात्यात बरीच बोलणी व्हायची. अब्बा त्यात पडत नसत. फी भरून यायचे आणि पावती ताटाखाली ठेवून जेवायला बसायचे, म्हणजे बोलणी तिथेच थांबायची. अम्मीचे गुडघे गेल्यावर सत्तराव्या वर्षी ते भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्यांना नकाशे म्हणायचो आम्ही. पुढे त्यांची भाकरी अम्मीच्या भाकरीपेक्षा पातळ व्हायला लागली आणि अम्मीला ते फारसं आवडलं नाही.

माजी सैनिकाला कॅन्टीनचं कार्ड मिळतं. त्यावर किराणा मिळतो आणि दारूचा कोटाही. अब्बांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी दर डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ वाढायची. लांबचे ओळखीचे यायचे, तब्येतीची चौकशी करायचे, मग हळूच विषय काढायचे. अब्बा त्यांना चहा पाजायचे आणि सांगायचे, “मी पीत नाही, म्हणजे माझा कोटा शिल्लक नाही. तो सरकारचा शिल्लक आहे.” पाहुणे चहा पिऊन जायचे.

आता ते, ज्याच्यासाठी हात धजत नव्हता.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने १५ ऑगस्टला त्यांना ध्वजवंदनासाठी बोलावलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षकाने मनापासून, आदरानेच ओळख करून दिली, “मुस्लिम असूनही ज्यांनी देशासाठी दोन युद्धांत...” मी पहिल्या रांगेत होते. मराठी व्याकरणात ‘असूनही’ काय काम करतं ते मी वर्गात शिकवते. माझ्या कानशिलात गरम झालं. अब्बांनी झेंडा फडकवला, सलामी दिली, मुलांना दोन मिनिटं पाणी उकळून पिण्याविषयी सांगितलं. निघताना त्या शिक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरा, माझा हुद्दा हवालदार होता. पुढच्या वेळी तेवढा सांग.” तो बिचारा “हो सर, हो सर” म्हणत राहिला. त्याला कळलं की नाही कोण जाणे.

अशा कार्यक्रमांत दुसरं एक नाव हमखास यायचं, अब्दुल हमीद यांचं. कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार, चौथी ग्रेनेडिअर्स. जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे फोडत १० सप्टेंबर १९६५ला असल उत्तरला शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र. अब्बा त्याच मोर्चावर गोळे पोहोचवत होते, त्यामुळे हमीदसाहेबांबद्दल त्यांना काय वाटायचं हे सांगायला नको. नाव निघालं की ते बसल्या जागी ताठ व्हायचे. पण एकदा कार्यक्रमाहून येताना रिक्षात म्हणाले, “त्यांचं नाव लोकांना मला बघूनच का आठवतं? शेजारी कदमसाहेब बसले होते. त्यांना बघून का नाही आठवत?”

हे सगळं मला समजलं होतं, असं मी धरून चालले होते. मग एक दिवस स्टाफरूममध्ये वाद झाला. बाहेर कुठेतरी काहीतरी घडलं होतं, त्यावर बोलता बोलता एक सहकारी म्हणाले, “तुमच्याकडच्या लोकांनी एकदा काय ते ठरवायला पाहिजे.” मी म्हणाले, “माझे अब्बा दोन लढाया करून आलेत. तुमच्या घरातून कोण गेलं होतं?” खोली गप्प झाली. ते सहकारी ओशाळले, नंतर माझ्याशी नीट बोललेही. मी जिंकले होते. संध्याकाळी घरी जाऊन सगळं रंगवून अब्बांना सांगितलं.

त्यांनी चहा संपवला. आमच्या घरात दखनी बोलली जाते, इथे मी मराठीत लिहिते. ते म्हणाले, “त्याच्या घरातून कोणी गेलं नव्हतं, म्हणून तो कमी झाला का?”

मी म्हणाले, “तसं नाही, पण त्याने विचारलं म्हणून...”

“मी नोकरीला होतो. पगार मिळत होता, त्यावर तुझे दादा-दादी जगले. काम नीट केलं. पण तुझ्या भांडणात त्याचा दाखला जोडू नको.” मग थोडा वेळ थांबून, “आपल्या गल्लीत ती बांगड्यावाल्याची मुलगी आहे, तुझ्याच कॉलेजात शिकते. उद्या तिला कोणी हेच विचारलं तर तिने काय दाखवायचं? तिच्या बापाने तर फक्त बांगड्या विकल्या.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही ते पूर्ण आहे असं नाही. समोरच्याने प्रश्नच तसा विचारला तर माणूस हाताला लागेल ते पुढे करतो, आणि माझ्या हाताला अब्बा लागायचे. पण त्या मुलीला मी रोज वर्गात बघत होते आणि माझ्या मनात तिचा विचार आला नव्हता. त्यानंतर मी तसं बोलले नाही. एकदा बोलणार होते, गिळलं. आता हा लेख लिहिताना तीच शंका मनात आहे. वर्तमानपत्रात, रमजानच्या पानावर, फौजी बापाविषयी लिहिणं म्हणजे पुन्हा तोच दाखला जोडणं नाही ना? म्हणून त्यांच्या बुटांच्या पॉलिशविषयी आणि भाकऱ्यांविषयीही लिहिलं. तेही तेवढेच ते होते.

दाखल्यावरून आठवलं. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हयातीचा दाखला. पूर्वी कागदावर सही चालायची. २०१४पासून अंगठ्याचा ठसा घेऊन संगणकावर करायची सोय झाली. अब्बांच्या बोटांवरच्या रेषा चाळीस वर्षं स्टिअरिंग धरून झिजल्या होत्या. एका केंद्रावर यंत्राने त्यांचा अंगठा सात वेळा नाकारला. तिथल्या मुलाने सांगितलं, हात धुऊन या, मग सांगितलं, तेल लावून या, मग सांगितलं, उद्या या. अब्बा तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी जुळली. घरी येऊन अम्मीला करंगळी दाखवून म्हणाले, “एवढाच जिवंत आहे मी.” पुढे चेहऱ्यावरून ओळखायची सोय आली आणि तो त्रास गेला.

शेवटची नऊ-दहा वर्षं साखरेच्या आजारामुळे त्यांना रोजे बंद झाले. इन्शुलिन सुरू होतं. डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं. अम्मीपासून लपवून त्यांनी दोन रोजे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घेरी येऊन अंगणात पडले. डॉक्टर हिंदू, तरुण. त्यांनी शांतपणे विचारलं, “काका, तुमच्या धर्मात सूट आहे ना? मग ती घेत का नाही?” याला अब्बांजवळ उत्तर नव्हतं. त्रिपुरात सूट घेणारा माणूस ऐंशीकडे झुकल्यावर ती घ्यायला लाजत होता.

ज्याला रोजे पुढेही कधी पुरे करता येणार नाहीत त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं असतं. त्याला फिदया म्हणतात. बहुतेक लोक महिन्याचा हिशेब करून पैसे मदरशाला किंवा संस्थेला देतात. तेही चालतं. अब्बा स्वतः जायचे. रोज संध्याकाळी एक डबा घेऊन एस.टी. स्टँडवर. तिथे झोपणाऱ्यांची त्यांना जुनी ओळख होती. त्यात कोण कुठल्या धर्माचा ते विचारत नसत. विचारावं लागत नाही असं त्यांना कोणा मौलानांनी सांगितलं होतं की त्यांनीच ठरवलं होतं, मला माहीत नाही. डबा देऊन घरी यायचे आणि आमच्या इफ्तारच्या दस्तरखानावर बसायचे, पण अजान होईपर्यंत काही तोंडात घालत नसत.

रोजा नसला तरी सहेरीला उठवायचं काम त्यांनी सोडलं नाही. तीन वाजता आमचा दिवा लागायचा, मग काठी घेऊन गल्लीत चार घरांची दारं वाजवायचे. हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. गेल्या वर्षी समोरच्या जाधववहिनी सांगून गेल्या, “चाचा, आमच्या पोराचंही दार वाजवा, दहावीला आहे, उठत नाही.” महिनाभर चार दारांच्या यादीत ते पाचवं होतं. पहिल्या हाकेला उठणारा तोच एक होता, असं अब्बा सांगायचे, आणि हे आमच्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे.

ते गेले त्या दिवशी त्यांची एक फाइल मिळाली. वर उर्दूत लिहिलेलं, ‘माझ्यानंतर’. आत पहिलाच मुद्दा, पेन्शन त्याच दिवशी थांबवायला कळवा, जास्तीचा पैसा खात्यावर येऊ देऊ नका. दुसरा, अम्मीचं नाव नोकरीच्या कागदात आणि आधारवर वेगवेगळं होतं, ते दुरुस्त करून घेतलेलं आहे, प्रत जोडली आहे. तिसऱ्या मुद्द्यात कळवायच्या लोकांची नावं होती. त्यात नातेवाईक कमी आणि जिल्ह्यातल्या गावोगावचे जुने फौजी जास्त. दुपारपर्यंत त्यातले अकरा जण आले. दोघे नातवाच्या आधाराने. आमच्यात स्त्रिया कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे तिथलं मी पाहिलं नाही. भाच्याने सांगितलं की माती द्यायची वेळ झाली तेव्हा ते अकरा जण एका बाजूला उभे होते. आपण पुढे जावं की नाही, त्यांना कळेना. इमामसाहेबांनीच हाताने बोलावलं. प्रत्येकाने तीन तीन मुठी माती टाकली आणि मग बाजूला होऊन सलामी दिली. एकाची टोपी घरी राहिली होती, म्हणून त्याने भाच्याची मागून घेतली.

अम्मी सध्या इद्दतमध्ये आहे. पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवस स्त्री घरातच राहते. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद तोवर आम्ही भावंडं तयार करतो आहोत. येत्या नोव्हेंबरपासून हयातीचा दाखला अम्मीने द्यायचा आहे.

परवा ईदच्या सामानासाठी जागा करायला अम्मीने अब्बांची काळी पत्र्याची ट्रंक उघडायला सांगितली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर अजून वाचता येतो. तळाशी ती वही होती. मनीऑर्डरींचा हिशेब, गाड्यांची धाव, एका पानावर कजा रोजे. १९७१समोर अठरा रेघा, अठराही खोडलेल्या. मला वाटलं, संपलं. पान उलटलं तर पुढच्या पानावर अम्मीचे रोजे होते. बाळंतपणात आणि त्यानंतर स्त्रीने रोजा ठेवायचा नसतो, तेही नंतर पुरे करायचे असतात. चार मुलांच्या वेळचे सगळे त्यांनी मांडलेले. १९८१समोर बावीस, कारण मी रमजानच्या आठव्या दिवशी जन्मले. खोडलेल्या प्रत्येक रेघेशेजारी दुसरी एक बारीक रेघ होती. ती कशाची ते मला कळेना.

“ते त्यांचे,” अम्मी म्हणाली. “सहेरीला मी एकटीच कशी उठणार, म्हणून माझ्याबरोबर तेही ठेवायचे. त्यांचे नफील व्हायचे, माझे फर्ज फिटायचे.”

१९८१च्या बावीस रेघांतल्या दोन खोडलेल्या नव्हत्या. मी तिला दाखवल्या. तिने चष्मा लावून पुन्हा मोजल्या.

“ठेवले असतील. लिहायचे राहिले असतील.”

“मग खोडू का?”

“नको,” ती म्हणाली. “ईद झाली की ठेवते. डॉक्टरांना विचारून ठेव.”